पांढरी तीन

अमेरिकेतल्या डोंगराळ बकहॉर्न गॅपच्या बंद पडलेल्या शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी वाजवणाऱ्यांची बैठक बसे, आणि त्या बैठकीत हॉबर्ट सटफिनला खुर्ची मिळायला बरीच वर्षं लागली होती. कारण एकच. तो ऑटोहार्प वाजवायचा. फिडल, बँजो, मँडोलिन, गिटार ही ब्लूग्रासची, म्हणजे तिथल्या डोंगरी संगीताची, घरची मंडळी. ऑटोहार्प म्हणजे चर्चमधल्या बायकांनी मांडीवर घेऊन पोरांना भजनं शिकवायचं खोकं, अशी त्या डोंगरातल्या पुरुषांची ठाम समजूत. फिडलवाला रॅन्सम बोलेन तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "हॉबर्ट, खोली चुकलास. चर्चची रविवारची शाळा पलीकडे भरते."

हॉबर्ट चिडला, पण घरी जाऊन चिडला. मग त्याने ऑटोहार्प उघडलं. छातीशी धरलेल्या त्या खोक्यावर तीसेक तारा असतात आणि त्यांच्यावर आडव्या दांड्या. दांडी दाबली की तिच्या खालचा लोकरीचा नमदा नको त्या तारांची तोंडं बंद करतो, उरलेल्या गातात. सगळ्याच पट्ट्यांचे सूर थोडेथोडे भरलेले असल्यामुळे ते वाद्य सगळ्यांशी जुळतं आणि धड कुणाशीच जुळत नाही. हॉबर्टने नको ते सूर काढून टाकले. फिडलवाल्यांच्या लाडक्या दोन पट्ट्या, पेटीच्या भाषेत पांढरी पाच आणि पांढरी दोन, एवढ्याच ठेवल्या, आणि एकेका सुराला दोन-दोन तारा दिल्या. खोकं असं काही बोलू लागलं की ज्याचं नाव ते. आता तो फिडलच्या वेगाने चाल सूर न् सूर काढू लागला, आणि एका गुरुवारी रॅन्समने वाजवता वाजवता मान हलवून त्याला एकट्याने चाल वाजवायची पाळी दिली. या लोकांत पाळी मिळणं म्हणजे पंगतीत पान मांडलं जाणं. आपल्या लग्नाच्या दिवशीही आपण इतके खूश नव्हतो, असं हॉबर्टला वाटलं. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, एवढी अक्कल त्याला होती.

बायको, ओमा, गायची. बैठकीच्या मध्यावर तिची दोन गाणी ठरलेली, नदीत बुडालेल्या पोरीचं एक आणि एक भजन. पट्टी अर्थात पांढरी पाच, कारण नवऱ्याच्या वाद्यात तीच होती. गाणं झालं की ती उठून मागे बाकावर बसायची आणि बाप्यांच्या चाली पुढे सुरू व्हायच्या.

त्या हिवाळ्यात तिला खोकला धरला आणि जाताना गळ्याचा वरचा मजला घेऊन गेला. मार्चमधल्या एका गुरुवारी बुडालेल्या पोरीच्या तिसऱ्या कडव्यात आवाज वर चढला आणि तिथेच फाटला. सगळे आपापल्या खुंट्या पिळू लागले. ते हसण्यापेक्षा वाईट.

घरी जाताना गाडीत ओमा म्हणाली, "इतकं वर आता जात नाही मला. खाली घेऊ या. पांढरी तीन."

"माझ्याकडे पांढरी तीन नाही."

"मग आण."

"कुठून आणू? वाण्याकडे सुटी मिळते?"

"डेल्मर बँजोला चिमटा लावतो आणि हवी ती पट्टी काढतो."

"बँजोला मान असते, तिला चिमटा लागतो. ऑटोहार्पला मान नसते, ओमा."

"वाजवणाऱ्याला असते ना? ती जरा वाकव."

हॉबर्टने मान वाकवली नाही. पट्टी बदलायची म्हणजे निम्म्याअधिक तारा पुन्हा लावायच्या, आणि दांड्यांखालचा सगळा नमदा नव्याने कापायचा. बरं, ते केलं की फिडलच्या चाली गेल्या. म्हणजे पाळी गेली. जी मिळवायला केस पांढरे झाले ती. त्याने पुढच्या गुरुवारपर्यंत विषयच काढला नाही, आणि ओमानेही नाही. नवऱ्याला वाटलं, मिटलं. नवऱ्यांना असं नेहमी वाटतं.

गुरुवारी ओमा उभी राहिली आणि तिने हॉबर्टकडे बघितलंही नाही. "डेल्मर, पांढरी तीन दे."

डेल्मरने खिशातून चिमटा काढून बँजोवर बसवला आणि हॉबर्टकडे पाहून डोळा मिचकावला. बँजोवाल्याला नम्रता शिकवणं देवालाही जमलेलं नाही. गिटार लागली, मँडोलिन लागलं. हॉबर्टने ऑटोहार्प मांडीवर आडवं ठेवलं, कारण त्यातले निम्मे सूर त्या गाण्यात बसेनात.

इतकी वर्षं तो ओमाबरोबर वाजवत आला होता, म्हणजे दांड्या मोजत आला होता. नुसतं बसून ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली. खालच्या पट्टीत तिचा आवाज दाट होता, ओढाताण नाही, किंचाळणं नाही. बुडालेली पोर आज गाण्यातली नव्हती, शेजारच्या घरातली होती. मँडोलिनवाल्याने डोळे पुसले. हॉबर्टला आधी मत्सर वाटला, मग स्वतःची लाज वाटली. हा आवाज तिच्या गळ्यात पहिल्यापासून होता. खोकल्याने दिलेला नव्हता. आपणच तिला शिडीवर उभं करून ठेवलं होतं.

गाणं संपल्यावर डेल्मर म्हणाला, "दुसरं ऑटोहार्प का घेत नाहीस? तिच्यासाठी वेगळं."

"घरात बायको एक, वाद्य एक," हॉबर्ट गुरगुरला. "दोन सांभाळायची ताकद नाही माझ्यात."

शनिवारी ओमा कोंबड्यांना दाणे टाकून आत आली तर स्वयंपाकघराच्या टेबलावर दांड्या सुट्या पडल्या होत्या, आणि हॉबर्ट चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन पात्याने नमदा कापत होता.

"हे काय चालवलंयस?"

"दिसत नाही? पांढरी तीन."

ती खुर्ची ओढून बसली. "आणि पांढरी पाच?"

"गेली."

"अरे, मग रॅन्समच्या चाली?"

"त्या रॅन्सम वाजवेल. त्याच्याच आहेत."

"वेडा आहेस का? मी डेल्मरबरोबर गाते की. माझं काही अडत नाही."

"माझं अडतं," हॉबर्ट म्हणाला, आणि वर न बघता पातं ओढलं. किल्लीने पिळताना दोन तारा तुटल्या, एक त्याच्या बोटाला चाटून गेली. ओमाने त्यावर चिंधी बांधली. कितीतरी वेळ ती बोट सोडत नव्हती.

गुरुवारी त्याने तिच्यासाठी वाजवलं. फार काही नाही, आवाजाखाली सूर अंथरत गेला, इतकंच. पण शेवटचं कडवं झालं तेव्हा खोलीत कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. दोघांनाही ठाऊक होतं की असं आपण कधी गायलो-वाजवलो नव्हतो.

मग रॅन्समने फिडल खांद्याला लावली. "चला, पांढरी पाच!" चिमटे निघाले, तारा खणखणल्या आणि चाल उधळली. पाळी फिरू लागली. बँजो, मँडोलिन, गिटार. हॉबर्टपाशी आल्यावर रॅन्समने सवयीने मान हलवली. हॉबर्टने हात वर करून नकार दिला, आणि पाळी त्याला ओलांडून पुढे गेली. तो पायाने ताल धरून हसत राहिला. इतकं वाईट हसू ओमाने त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

ती या वेळी बाकावर बसलीच नव्हती. चाल संपताच ती थेट रॅन्समसमोर जाऊन उभी राहिली.

"हीच पुन्हा घ्या. पांढरी तीनमध्ये."

रॅन्समला वाटलं, थट्टा आहे. "बाई, जग निर्माण झाल्यापासून ही चाल कुणी पांढरी तीनमध्ये वाजवलेली नाही. बोटं ठेवायची कुठे? मोकळ्या तारा निम्म्या निकामी होतात."

"शोध."

"वाट लागेल चालीची!"

"लागू दे. इतकी वर्षं मी तुम्हा लोकांच्या पट्टीत गायले, रॅन्सम. माझ्या गळ्याची वाट लागली, तेव्हा कुणी विचारलं होतं? मी एकच मागतेय. दर गुरुवारी एक."

हे रॅन्समला उद्देशून होतं, पण हॉबर्टने मान खाली घातली. डेल्मरने तेवढ्यात चिमटा चढवला. त्याचं काय जात होतं! रॅन्सम पुटपुटला, दोनदा गज ठेवला, दोनदा उचलला, आणि निघाला.

वाट लागलीच. पहिल्या फेरीत फिडल खड्ड्यांतून गेल्यासारखी गेली, रॅन्समचे कान लाल झाले, मँडोलिन मध्येच थांबलं. मग पाळी हॉबर्टकडे आली. त्याच्या दांड्यांना त्या पट्टीखेरीज दुसरं काही येतच नव्हतं. त्याने चाल स्वच्छ, अखंड, वेगात उलगडली, आणि रॅन्सम फिडल खाली घेऊन त्याच्या बोटांकडे बघत राहिला.

ओमा त्याच्या खुर्चीमागे हात बांधून उभी होती.

घरी जाताना गाडीने घाटाचं पहिलं वळण घेतलं.

"दुसऱ्या फेरीत एक दांडी चुकलास," ती म्हणाली.

"माहितेय. डोळ्यांत पाणी आलं, काही दिसेना."

"पुढच्या गुरुवारी आधीच पुसून घे," ओमा म्हणाली, आणि तिने त्याच्या गियरवरच्या हातावर आपला हात ठेवला.