उचलायला चार माणसं

उल्हासरावांना अर्धांगवायू झाल्यापासून वासंतीबाईंनी तळमजल्यावरच्या घरात अडीअडचणीची तयारी करून ठेवली होती. टॉर्च, शिट्टी, दोरी, पाण्याचे कॅन, आठवड्याची औषधं. सगळं स्वस्तातलं, पण निगुतीनं बांधलेलं.

एका सकाळी जवळच्या तळ्याचा बांध फुटला आणि पाणी घरात शिरलं. त्यांनी खिडकीतून शिट्टी वाजवली, तशी वरच्या मजल्यावरची पवित्रा धावत खाली आली. दोघींनी उल्हासरावांना उचलून पाहिलं, पण त्या वजनापुढे त्यांचं काही चालेना.

“सगळं आणून ठेवलं गं,” वासंतीबाई म्हणाल्या, “उचलायला चार माणसं तेवढी नाहीत.”

“अक्का, तुम्ही तरी वर चला.”

“यांना सोडून कशी येऊ?”

पाणी गादीला लागलं. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्या पलंगावर बसून राहिल्या. बोट दुपारी आली, तेव्हा उल्हासराव थंडीनं काकडत होते. चौथ्या दिवशी न्यूमोनियानं ते इस्पितळातच वारले.

पवित्रानं वासंतीबाईंना वर आपल्याकडे राहायला बोलावलं. “सरी, बरं,” असं म्हणून वासंतीबाई मात्र खाली आपल्याच घरात गेल्या आणि चिखल काढायला लागल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोठा पाऊस सांगितला होता.