ट्रॅक्टरच्या पोटातली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. चहाच्या गाळणीची लांबची बहीण म्हणा हवं तर. एका छोट्या लाल ट्रॅक्टरच्या पोटात, तेलात बुडून मी राहते. ट्रॅक्टरच्या मागे ओझं उचलणारे दोन लोखंडी हात असतात ना, त्यांना जोर देणारं तेल आधी माझ्यातून गाळून पंपाकडे जातं. कारखान्यात मला बारीक तारांनी विणलं, आत बसवलं आणि वर झाकण लावून टाकलं. तेव्हापासून माझं जग म्हणजे तेल आणि काळोख. पण लोखंडातून आवाज छान येतात, त्यामुळे बाहेर कोण काय बोलतं ते मला सगळं ऐकू येतं.

हा ट्रॅक्टर एका रोपवाटिकेत कामाला आहे. तिथले मालक म्हणजे बाबा. शिस्तीचा माणूस! रोज सकाळी तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा आत बुडवायची आणि म्हणायचं, "भरपूर आहे." बाहेरच्या फिल्टरचे तर ते भारी लाड करत. दरवर्षी त्या पठ्ठ्याच्या जागी नवा कोरा यायचा. माझं मात्र नावही कुणाच्या तोंडी नव्हतं. मला काढायचं तर सगळं तेल उतरवावं लागतं, मग तेवढा खटाटोप कोण करणार? अशी सहा वर्षं गेली.

बाबांची सून चाळिशीला टेकली तेव्हा त्यांनीच तिला ट्रॅक्टर शिकवला. कुंड्यांच्या दोन रांगांमधून ती ट्रॅक्टर मागे घ्यायची आणि एका पानालाही धक्का लागायचा नाही. बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगत सुटायचे. तिचा हात हलका आहे हे मलाही ठाऊक होतं. ती लोखंडी हात उचलायचा दांडा ओढायची तेव्हा तेल कसं सावकाश यायचं.

मग तेलातून मऊ मऊ धागे यायला लागले. आज एक, उद्या दोन. अडवणं हे माझं कामच, म्हणून मी अडवत राहिले. हळूहळू माझी सगळी भोकं बुजली आणि जीव गुदमरायला लागला.

एका गुरुवारी सुनेने लिंबाच्या झाडाची मोठी कुंडी उचलायला घेतली. पंप कुईंकुईं ओरडला. लोखंडी हात वीतभर वर गेले आणि तिथेच अडकले. बाबा धावत आले.

"किती वजन घातलंस?"

"बाबा, नेहमीचीच कुंडी आहे."

"मग पंप उगाच ओरडतो का? मोडलास ना तो!"

तिने चावी शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि हातगाडी ओढत निघून गेली. पुढचे आठ दिवस ती हातगाडीच ओढत होती. मला इतकं वाईट वाटलं! तिची चूक नाही हो, असं मी आतल्या आत ओरडत होते. पण जाळीचं कोण ऐकतं?

बाबांनी पंप बदलायचंच ठरवलं होतं. मिस्त्री आले. त्यांनी ट्रॅक्टर सुरू करायला लावला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली.

"पंप ठणठणीत आहे," ते म्हणाले. "उपाशी आहे बिचारा."

"उपाशी कसा? तेल भरपूर आहे. मी रोज बघतो."

"तेल आहे हो, त्याच्यापर्यंत पोचत नाही. जाळी कधी काढली होती?"

"कुठली जाळी?" बाबांनी विचारलं.

मित्रांनो, हे मात्र मला लागलं.

तेल उतरवलं, झाकण उघडलं आणि सहा वर्षांनी मी उजेड पाहिला. मिस्त्रींनी चिमट्याने माझ्या अंगावरचा गुंता ओढून वर्तमानपत्रावर ठेवला. तेल निथळल्यावर कळलं, ती निळी लोकर होती.

"ही कुठून आली?" मिस्त्रींनी विचारलं.

सुनेने बाबांच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या हातात पट्टी पुसायचं फडकं होतं, म्हणजे त्यांच्या जुन्या निळ्या स्वेटरची विरलेली बाही. ती बोलली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती. पण ती वाकून खाली सांडलेलं तेल पुसायला लागली.

बाबांनी ती बाही वर्तमानपत्रावरच्या गुंत्याशेजारी धरून पाहिली.

"माझीच आहे," ते म्हणाले. "मऊ असते म्हणून या बाहीनेच पट्टी पुसत आलो. तुला उगाच बोललो गं."

"बाबा, मलाही वाटायला लागलं होतं, माझ्याच हातून मोडला." एवढं बोलून ती रडली आणि लगेच हसलीही.

मिस्त्रींनी मला डिझेलमध्ये धुतलं, हवा मारली आणि नव्या तेलात बसवलं. काय सांगू, अंग कसं मोकळं झालं! बाबांनी स्वतः खिळ्यावरची चावी आणून सुनेच्या हातात दिली. तिने दांडा ओढला. तेल माझ्यातून सळसळत गेलं आणि कुंडी हूं की चूं न करता वर आली. बाबा तिथेच एका पालथ्या कुंडीवर बसले आणि म्हणाले, "हुश्श!"

तर मित्रांनो, यंत्र अडलं की शेवटचा हात कुणाचा होता ते विचारत बसू नका. आधी झाकण उघडून बघा. आणि वर्षातून एकदा आम्हा जाळ्यांनाही उजेड दाखवा.

आता रोज सकाळी पट्टी पुसण्याआधी बाबांची हाक ऐकू येते, "अगं, हे फडकं जरा बघ. धागे सुटत नाहीत ना?" ती बघते, ठीक आहे म्हणते, आणि मगच पट्टी आत येते.