एकशेवीस मिलिग्रॅमची तूट

किलोकाकांना खऱ्या नावाने ऑफिसात कुणी हाक मारत नसे. वजनमापं तपासायच्या त्या सरकारी ऑफिसात काचेच्या पेटीत एक पितळी किलो ठेवलेला होता. गावातल्या झाडून सगळ्या दुकानांची वजनं त्याच्याशी ताडून पाहायची, मगच शिक्का. पेटीची किल्ली तीस वर्षं काकांच्या कमरेला. काय बिशाद दुसऱ्या कुणी हात लावेल!

निवृत्तीला आठ दिवस उरले आणि मुख्य ऑफिसातून तपासणी होऊन किलो परत आला, सोबत कागद: ‘एकशेवीस मिलिग्रॅम कमी. खुलासा करावा.’ काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. इतक्या वर्षांत नावाला डाग नाही, आणि आता जाता जाता लोक म्हणणार, काकांचं पितळ उघडं पडलं!

विश्व पसरतंय, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. झालं! खुलासा तयार: ‘विश्व प्रसरण पावत असल्याने पदार्थ विरळ होऊन वजनात घट संभवते.’ साहेबांना वाचून दाखवला आणि खात्री करून घ्यायला तो घेऊन ते पुतणीकडे गेले. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची.

वाचून ती हसतच सुटली. “काका, पसरतं ते दीर्घिकांमधलं अंतर. तुमच्या किलोला काय धाड भरलीय? त्याचं वस्तुमान होतं तेवढंच राहणार.”

“अगं, एवढं अख्खं विश्व पसरतं, आणि एकशेवीस मिलिग्रॅमची सूट नाही?”

“एकाचीही नाही. कुणी काढल्याशिवाय कमी होत नाही ते. हात कोण लावतं त्याला?”

“कुणाची हिंमत आहे? मीच रोज सकाळी पॉलिश लावून घासतो. चेहरा दिसतो त्यात!”

पुतणीने त्यांच्या पॉलिशने काळवंडलेल्या बोटांकडे पाहिलं. मग काकांनीही.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पोटच्या पोरासारखा जपला, आणि आपणच खाल्ला की हो त्याला! पण माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी नवा खुलासा साहेबांच्या टेबलावर: ‘रोज घासून मीच झिजवला. जबाबदार मी.’

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, हे वर गेलं तर गावातलं एकेक वजन पुन्हा तपासावं लागेल! मी मारलेले शिक्के रद्द! तो विश्वाचा कागद कुठाय? द्या इकडे.”

साहेबांची सही झाली, फाइल बंद. विश्वाला कोण जाब विचारणार?

निरोपसमारंभात साहेब गहिवरून बोलले, “खात्यासाठी हा माणूस तीस वर्षं चंदनासारखा झिजला!” टाळ्यांचा कडकडाट.

काकांना राहवेना. ते ताडकन उठले. “मी नाही हो झिजलो! किलो झिजला! मीच झिजवला!”

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. “बघा, अजूनही श्रेय घ्यायला तयार नाहीत,” साहेब म्हणाले, आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

काका खाली बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. शेजारच्या कारकुनाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “होईल सवय,” तो म्हणाला, “घरी बसायची.”