डावी कमान, उजवी कमान

संग्रहालयाच्या कपाटात एकूण सत्तेचाळीस कवट्या होत्या. जुन्या जंगलातल्या कोल्ह्यांच्या एकवीस, दगडखाणीजवळच्या कोल्ह्यांच्या तेवीस, आणि तीन चक्क पाळीव कुत्र्यांच्या, कुणीतरी डोळे झाकून त्याच खोक्यात टाकलेल्या.

कुत्रे बाजूला ठेवून तिने बाकीच्या मोजल्या. डोळ्याखालून कानाकडे जाणारी गालाच्या हाडाची कमान, डावी आणि उजवी, तीन-तीन वेळा. पिल्लू वाढत असताना उपासमार, रोग नाहीतर विषारी धूळ वाट्याला आली, की दोन्ही बाजू सारख्या वाढत नाहीत. फरक जास्त, म्हणजे कोल्ह्यांचं काही खरं नाही. शुक्रवारी खाण वाढवण्याबद्दल बैठक होती आणि तिचे आकडे तिथे जाणार होते.

आकड्यांनी मात्र नाकी नऊ आणले. जंगलातल्या कवट्यांत सरासरी फरक ०.३८ मिलिमीटर, खाणीजवळच्यांत ०.२१. म्हणजे धूळ खाऊन कोल्हे ठणठणीत झाले होते.

"पुन्हा मोज," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. तिने मोजलं. ०.२१.

"अजून कोल्ह्यांचे गालगुच्चेच घेतेयस?" ताईने फोनवर विचारलं.

"ताई, ठेव फोन."

गुरुवारी दुपारी एका कमानीवर मोजायचा व्हर्निअर जरा जोरात टेकला आणि बोटांना पांढरी भुकटी लागली. ती कवटी घेऊन तडक मागच्या खोलीत गेली. तिथे तीस वर्षं हाडं साफ करणारे गृहस्थ बसत. सगळे त्यांना हाडकाका म्हणत.

"काका, ही कमान तुम्ही बसवलीत?"

"मग काय, आपोआप उगवली? खाणीकडचे बहुतेक ट्रकखाली आलेले. एका बाजूचा पार चुरा. चांगल्या बाजूची मापं घेतली आणि तश्शीच दुसरी प्लास्टरमध्ये घडवली. ओळखू आली का?"

"नाही."

"येणारच नाही," काका खुलले. "केसभर फरक ठेवत नाही मी."

"वहीत का नाही लिहिलंत?"

"त्यात काय लिहायचं, पोरी? वस्तू नीट झाली ना?"

तिला ओरडायचं होतं. पण काका हौसेने तिची पुढची शाबासकी ऐकायला थांबले होते. "कुठल्या कुठल्या तुमच्या, तेवढं दाखवा," ती दात आवळून म्हणाली.

काकांनी चष्मासुद्धा लावला नाही. कमानींवरून अंगठा फिरवत त्यांनी खाणीकडच्या एकोणीस कवट्या बाजूला काढल्या.

तिने सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"किती उरल्या?"

"चार."

"पंधराहून कमी कवट्यांवर आपल्याला तोंड उघडता येत नाही. बैठकीत काय देणार आहेस?"

"जे आहे ते."

"हसतील."

"हसू देत."

चारही कवट्या तिने नव्याने तीन-तीनदा मोजल्या आणि तक्त्यात खाणीची जुनी ओळ खोडून नवी लिहिली.

खाणीजवळच्या, न जोडलेल्या कवट्या: ४. सरासरी फरक: ०.९२ मिलिमीटर. मोजण्यातली चूक: ०.०४.