प्लास्टिकखालची मशीनं

"पुसलंस का?" अध्यक्षांनी दारातूनच विचारलं.

"पुसलं."

"काय काय पुसलंस?"

"प्लास्टिक," आत्या म्हणाली. "दुसरं आहे काय इथं पुसायला?"

गावातल्या तरुण पोरापोरींच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारनं पैसा दिला आणि गावच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या रिकाम्या गोदामात शिवणकामाचं केंद्र निघालं. भाडं अध्यक्षांना, शिकवायची नोकरी त्यांच्या मेव्हण्याला आणि झाडू आत्याला. म्हणजे शिकणारे यायच्या आधीच तिघांची सोय लागली. विजेवरची कोरी करकरीत मशीनं आली, ती गुंडाळलेल्या प्लास्टिकसकट भिंतीला लागली. साहेब तपासणीला आले की माल नवा दिसला पाहिजे, आणि शिकणाऱ्यांचे हात लागले की माल जुना होतो, एवढी अक्कल अध्यक्षांना होती. तेवढीच होती.

मग शिकवायचं कसं? मेव्हण्यानं डोकं चालवलं. पोरींना बाकावर बसवलं, पायाखाली एकेक फळकूट दिलं, हातात रद्दीचा कागद. "दाबा. जोरात दाबा. जेवणं करून आलात ना?" खुर्चीत रेलून तो ओरडायचा. पोरी फळी दाबायच्या, कागद सरकवायच्या आणि तोंडानं घर्र करायच्या. या गड्यानं जन्मात सदऱ्याला बटण लावलेलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आत्याची भाचीही त्याच बाकावर. लहानपणापासून आत्याकडेच वाढलेली. हमरस्त्यावरच्या कपड्याच्या कारखान्यात पोरी घेणार होते. मशीनवर सरळ शिवण घालून दाखवायची, जमली तर नोकरी. नाहीतर आत्यासारखं उन्हातान्हात, तापलेल्या ढेकळांवर बसून लोकांच्या रानात खुरपायचं. त्या खुरपणीनं आत्याच्या गुडघ्यांची वाट लावली होती. पोरीच्या गुडघ्यांची लागू द्यायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

भर दुपारी बाहेर फुफाटा उडत होता. अध्यक्ष घरी घोरत होते, मेव्हणाही घोरत होता; या कामात दोघं तरबेज. आत्यानं गोदाम उघडलं, कोपऱ्यातल्या मशीनचं प्लास्टिक खुरप्यानं टरकावलं आणि म्हणाली, "बस."

भाची घाबरली. "अध्यक्षांना कळलं तर?"

"कळू दे. मला झाडूवरून काढतील. झाडू काय, कुठंही मिळतो."

भाचीनं शिकवल्याप्रमाणे जोरात पाय दाबला. मशीन बुजलेल्या खोंडासारखं उधळलं, कापड भलतीकडं गेलं आणि सुई मोडली. पोरीला रडू फुटलं.

"रडतेस काय? फळीवर शिकलीस, फळी उधळत नाही. पाय हलका ठेव."

रोज दुपारी आत्याच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या शिवल्या जाऊ लागल्या. शिवणी आधी सापासारख्या वळवळल्या, मग हळूहळू सरळ झाल्या.

कारखान्यात केंद्राच्या साऱ्या पोरी गेल्या. बिचाऱ्यांनी शिकवलं होतं तसं केलं, जीव खाऊन पाय दाबले. सुयांवर सुया मोडल्या. तिथल्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुम्हाला शिवायला शिकवलंय की सायकल चालवायला?" घेतली एकटी भाची.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना फाटलेलं प्लास्टिक दिसलं. "सरकारी मालाचं वाटोळं केलंस! उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," आत्या म्हणाली. "साहेबांना सांगून जाते. पोर फळीवर नाही, या मशीनवर शिकली म्हणून."

अध्यक्षांनी झाडू उचलून परत तिच्या हातात दिला. आठ दिवसांत दारावर फलक लागला: आमच्या केंद्राचं घवघवीत यश. अध्यक्षांचा फोटो दारभर, भाचीचा अंगठ्याएवढा. आयत्या बिळावर नागोबा! साहेब आले, फलक बघून खूश झाले, प्लास्टिकवरून हात फिरवून म्हणाले, "वस्तू जपल्यात छान." आणि यशाबद्दल आणखी मशीनं मंजूर केली.

तीही आली, तशीच गुंडाळलेली. "यांना कुणी हात लावायचा नाही," अध्यक्षांनी बजावलं आणि जेवून झोपायला गेले.

आत्यानं दार ओढून घेतलं, तर बाहेर नापास झालेल्या पोरी उभ्या. प्रत्येकीच्या काखेत घरून आणलेल्या चिंध्या होत्या.

आत्यानं कमरेचं खुरपं काढलं आणि दार परत उघडलं.

"चपला बाहेर काढा," ती म्हणाली. "आणि पाय हलका ठेवायचा."