पुस्तकाला रक्त फुटलं

पुस्तकं न्यायला आमच्या वाचनालयात कधी एवढी गर्दी झाली नव्हती. त्या रविवारी ती पुस्तकांचा निकाल लावायला जमली होती. खुर्च्या संपल्यावर लोक वर्तमानपत्रांच्या टेबलावर चढून बसले. समोर प्रवचनकार महाराज उभे, हातात काचेची बाटली, आणि पुढ्यात मुलांच्या कपाटातली जादूच्या गोष्टींची पुस्तकं.

"चेटकिणी, मंत्र, उडते घोडे," महाराज म्हणाले. "असलं वाचून मूल देवापासून तुटतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. या पवित्र जलाला विचारा."

त्यांनी आधी गणिताचं पुस्तक उघडून त्याच्या शिवणीवर पाणी शिंपडलं. काही झालं नाही. मग उडत्या घोड्याचं पुस्तक घेतलं, पाणी शिंपडलं, आणि शिवणीतून लालभडक ओघळ उतरला. दुसऱ्या पुस्तकाचं तेच, तिसऱ्याचंही तेच. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले. दोन मिनिटांत ठराव झाला की कपाट आजच रिकामं करून पुस्तकं अंगणात जाळायची.

मी या वाचनालयाची बाइंडर. फाटलेली पुस्तकं शिवते, चिकटवते. खरं सांगते, माझं लक्ष त्या रक्ताकडे नव्हतं, शेजारी बसलेल्या भाचीकडे होतं. आठ वर्षांची ही पोर अक्षरांना घाबरायची, वर्गात तोंड उघडायची नाही. तिला वाचायला लावलं ते उडत्या घोड्यानं. ते पुस्तक तिनं अकरा वेळा घरी नेलं होतं. आता ती तळहात फ्रॉकला घासत होती, थांबतच नव्हती.

"मावशी, ते रक्त माझ्या अंगातपण गेलं असेल?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं, आणि फिरलं की ते बरं चालतं. मी टेबलापाशी गेले. वाळलेल्या थेंबांच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. बाटलीच्या तोंडाशीही तसलाच पांढरा थर होता. आणि लाल रंग होता तो फक्त शिवणीत, माझी चिकटवायची खळ लागते तिथं. छापील ओळींवर, म्हणजे जिथं चेटकिणीचा मुक्काम, तिथं कागद नुसता ओला.

"महाराज, मागच्या महिन्यात तुमचा प्रवचनांचा ग्रंथ मी शिवून दिला. खळ पिवळी का, असं तुम्ही विचारलं होतंत."

"असल्या ऐहिक गोष्टी आम्ही लक्षात ठेवत नाही."

"मी ठेवते. कसर लागू नये म्हणून खळीत हळद घालते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तो ग्रंथ जरा द्या."

महाराजांनी ग्रंथ काखेत दाबला. "याची परीक्षा घेणं पाप आहे."

"द्या की," आजोबा म्हणाले. "पाणी तुमचं, ग्रंथ तुमचा. मग भीती कसली?" आणि त्यांनीच तो ओढून घेतला.

मी पाणी शिंपडलं. ग्रंथ जाडजूड, खळ भरपूर लागलेली. तो सगळ्यांत जास्त रक्ताळला.

"सभेत नास्तिकाची नजर पडली," महाराज म्हणाले, "म्हणून जलाला भ्रम झाला."

"जलाला काही झालेलं नाही. ही चुन्याची निवळी आहे. चुना पाण्यात कालवायचा, गाळ बसला की वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. हळदीवर पडलं की लाल. मुलं जे पुस्तक जास्त वाचतात ते जास्त फाटतं, त्याला जास्त खळ लागते. गणिताचं पुस्तक पुण्यवान नाही हो, ते कुणी नेतच नाही."

मी काहीतरी आंबट मागितलं. ग्रंथपाल बाईंनी चहासाठी आणलेलं लिंबू कापलं, तशा पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या मागे सरकल्या. मी फोड भाचीच्या हातात दिली. तिनं ती घोड्याच्या पुस्तकावर पिळली. आंबट लागताच लाल रंग परत पिवळा झाला.

"कुठला मंत्र म्हटलास?" मी विचारलं.

"कुठलाच नाही. लिंबू पिळलं फक्त." तिचं हात घासणं थांबलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

मागून एक आई उठली. "पाणी खोटं, मान्य. पण पुस्तकात जादू आहेच ना? मुलांना ती खरी वाटली तर?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "घोडे उडत नाहीत, मला माहितीये. गोष्टीत उडतात."

त्या आईला मी एवढंच म्हटलं: "मुलाशेजारी बसून पुस्तक वाचा, मग द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमचा हक्क आहे तो. पण गोष्ट लिहिणारा पहिल्याच पानावर सांगतो की ही गोष्ट आहे. बाटलीवाला ते सांगत नाही. म्हणून बाटलीत काय आहे, हे आधी विचारायची सवय लावून घ्या, मुलांना आणि स्वतःलाही."

ती पुढे आली, उडत्या घोड्याचं पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्याच वाचायला लागली. भाचीनं चेटकिणीचं पुस्तक नोंदवून घेतलं.