म्झे लुशिंगेंच्या खिशातली चावी

भिंतीवरचा नकाशा बघून काबुलाचं डोकं तापलं होतं. डॉक्टरची मागणी, तिथून बाण रक्तपेढीकडे, मग फ्रीज, फ्रीजमधून थेट वॉर्ड. इथल्या लोकांनी सांगितल्या तशा पिवळ्या चिठ्ठ्या तिने ओळीने चिकटवलेल्या, आणि सगळं साफ खोटं. म्वान्झाच्या या इस्पितळात रक्त असं सरळ कधी गेलंच नव्हतं.

फ्रीजची चावी असायची रक्तपेढीचे प्रमुख म्झे लुशिंगे यांच्या खिशात. म्झे म्हणजे थोरले; वयाचा मान म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणायचे. म्झे जेवायला घरी गेले की चावीही जेवायला. म्झे कुणाच्या मयताला गेले की चावीही मयताला. गेल्या वर्षी काबुलाची वहिनी बाळंतपणात गेली ती त्या चावीची वाट बघत.

आता सॉफ्टवेअर कंपनीने इथल्या कामाचा नकाशा काढायला नेमकं काबुलालाच पाठवलं होतं. आजच्या बैठकीत नकाशावर इथल्यांच्या सह्या झाल्या की यावरूनच सगळी यंत्रणा बनणार होती. मग त्यात काही बदलायचं म्हणजे वर्षं जाणार.

"फ्रीजची चावी कुणाकडे असते?" तिने विचारलं.

टेबलाभोवतीचे सगळे कर्मचारी आपापल्या चहाच्या कपात बघू लागले.

"चावी जागेवर असते," म्झे शांतपणे म्हणाले. "पोरी, तू तुझे बाण काढ. चावीबिवी त्यात येत नाही."

"येते, म्झे. वाटेत जे जे अडवतं ते सगळं येतं."

"थोरांशी असं बोलायचं शिकवलं वाटतं तुला कॉलेजात?"

कुणीतरी फिसकन हसलं. इथल्या एकूण एकाला खरं माहीत होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते. तिला त्यांचाच जास्त राग आला. जरा वारा यावा म्हणून तिने दार उघडलं, तर बाहेर रक्तपेढीतली तंत्रज्ञ सेलिना उभी.

"काय गं?"

"चावी हवी होती, ताई. बाळंतीण आहे वॉर्डात, रक्त थांबत नाहीये."

"मग आत का नाही आलीस?"

"दोनदा डोकावले. म्झे बोलत होते."

काबुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा टेबलाशी गेली आणि लुशिंगेंच्या नाकासमोर हात पसरला.

"चावी द्या. माझं कॉलेज मागाहून काढा."

म्झेंनी चावी काढून दिली. सेलिना ती घेऊन धावत सुटली.

कपांतला चहा गार झाला. सेलिना परतली ती धापा टाकतच.

"रक्त चढवलं. वाचेल म्हणतात डॉक्टर."

एवढं बोलून तिने सवयीने गुडघे वाकवले आणि दोन्ही हातांनी चावी म्झेंपुढे धरली. म्झेंचा हात पुढे आला, तोही सवयीनेच.

काबुलाने मधल्या मध्ये चावी उचलली.

"म्झे, हा नकाशा तुम्हाला मान्य आहे ना? मग ही चावी कुठे ठेवायची ते यावर दाखवा. बोट ठेवाल तिथे ठेवते."

लुशिंगे उठून भिंतीपाशी गेले. एकेक चिठ्ठी वाचत पुढे सरकले, पुन्हा मागे आले. त्यांच्या खिशाची चिठ्ठी कुठेच नव्हती. आता कुणीही कपात बघत नव्हतं.

शेवटी त्यांनी फ्रीजच्या चिठ्ठीवर बोट टेकवलं.

"खिळा आणा कुणीतरी," काबुला म्हणाली. "चावी फ्रीजशेजारीच टांगायची."